देवाखालची चिठ्ठी

आमच्या घराच्या पुढच्या दाराला कडी होती, मागच्या दाराला तीही नव्हती, आणि मोडेमला मात्र पितळी कुलूप होतं. घरात चोरण्यासारखं होतं तरी काय म्हणा. तांब्याचा बंब, माळ्यावरच्या आंबोशीच्या बरण्या आणि आक्काच्या हातातल्या दोन पाटल्या, ज्या साबण लावूनही निघत नव्हत्या. मोडेम ही वस्तू वहीएवढी, करड्या रंगाची, पुढे पाच-सहा लाल दिवे असलेली. ती पळवून नेणाऱ्याला तिचं काय करायचं हे कळलं नसतं, कारण आम्हालाही ते नीटसं कळलं नव्हतं. तरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुताराकडून तिच्यासाठी फणसाच्या फळ्यांची पेटी करून घेतली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पेटीच्याच डोक्यावर कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. "हाताशी असलेली बरी," म्हणाले. आज मी पोटापाण्यासाठी एका मोठ्या कचेरीत लोकांनी पासवर्ड कसे सांभाळावेत याची पत्रकं काढते, आणि दर पत्रकाला मला तो खिळा आठवतो.

अण्णा मिरकरवाड्याच्या बंदरावर एका कंपनीचं गोदाम सांभाळायचे. कोळंबी, म्हाकूल, पापलेट असा माल बर्फात घालून मुंबईला आणि तिथून बोटीने परदेशात पाठवणारी कंपनी होती ती. कुठल्या गाडीत कुठला माल किती पेट्या गेला, याची यादी रोज संध्याकाळी मुंबईला कळवावी लागे. आधी ती फोनवर ओरडून सांगत. मग कोणा हुशार माणसाच्या मनात आलं की यादी कॉम्प्युटरमधून जावी. पहिला कॉम्प्युटर बंदरावरच्या ऑफिसात बसवला, तो खाऱ्या हवेत दोन महिन्यांत गंजून गेला. दुसरा म्हणून आमच्या घरी आला. आमचं घर भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या आळीत, म्हणजे तिथे खारी हवा येतच नव्हती जणू.

मशीन बसवायला मुंबईहून सावंत म्हणून गृहस्थ आले. मूळचे गुहागरचे, त्यामुळे आईने त्यांना घरचा समजून काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे वाढले, आणि त्यांनीही घरचं समजून चौदा घावणे खाल्ले. मग त्यांनी मोडेम फोनच्या तारेला जोडला आणि मुंबईचा नंबर फिरवला. टेलिफोनच्या घशात माशाचा काटा अडकावा तसा आवाज पेटीतून निघाला. माझी आत्या, जिला सगळं घर आक्का म्हणत असे, ती कानांवर हात ठेवून देवघरात जाऊन बसली. "दत्तू, ह्याला भूक लागली असंल रे," ती आतून अण्णांना म्हणाली. सावंतांनी समजावलं की हा आवाज म्हणजे इथलं यंत्र तिथल्या यंत्राशी ओळख करून घेतंय. ओळख पटली की तिकडचं यंत्र नाव विचारतं, मग पासवर्ड विचारतं. तीनदा चुकलात की दार बंद. मग ते मुंबईहूनच उघडावं लागतं, आणि ते उघडणारा माणूस एकच, सावंत. दर महिन्याच्या एक तारखेला पासवर्ड बदलायचा. आठ अक्षरं हवीत, त्यात आकडे हवेत, घरातल्या कोणाचं नाव नको, देवाचं नको. "आणि कुणालाही सांगायचा नाही. बायकोलासुद्धा," असं सावंत आईने वाढलेली सोलकढी पीत म्हणाले.

अण्णांनी हे फार मनावर घेतलं. नावं नकोत, देव नकोत, तर रत्नागिरीच्या माणसाकडे उरतं काय. त्यांनी दर महिन्याला एक मासा ठरवला. एका महिन्यात बांगडा, पुढच्या महिन्यात सुरमई, मग मोरी, आणि पुढे अक्षरांची भरती करायला आकडे. तो ठरवला की कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी देवघरात देवांच्या खाली सारायची. अंघोळ केल्याशिवाय आमच्याकडे देवाला कोणी हात लावत नसे, तेव्हा ही तिजोरी अभेद्य होती. चोर अंघोळ करून येईल ही शक्यता अण्णांनी धरलीच नव्हती. आणि इतकी सगळी तयारी झाल्यावर रोज संध्याकाळी सहाला ते हात धुऊन मशीनपुढे बसत, एका बोटाने एकेक कळ दाबत आणि मोठ्याने पुटपुटत, "बी... ए... एन... जी कुठं गेला हा... जी." पडवीत बसून शेंगा सोलणाऱ्या माणसालाही तो महिना कुठल्या माशाचा आहे हे पाठ व्हायचं. पडवीत बसून शेंगा सोलणारं माणूस बहुतेक वेळा मीच असायचे.

तेव्हा मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकायचा होता. अण्णांचं म्हणणं, शिकायचं तर इथे कॉलेज आहे, कॉम्प्युटर बघायचा तर घरात आहे, मग पुण्याला काय आहे. याला उत्तर होतं, पण ते अण्णांना सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून दुपारी अण्णा बंदरावर आणि आई डुलकी काढत असताना मी खिळ्यावरची किल्ली काढायचे, पेटीवर उशी ठेवून तो काट्याचा आवाज दाबायचे आणि मुंबईच्या यंत्रातून पुण्याच्या संस्थेला इंग्रजीत पत्रं लिहायचे. फोनचं बिल परस्पर मुंबईला जायचं. पत्रं इतकी नम्र लिहायचे की आज वाचली तर मलाच ओकारी येईल. आणि श्रावण संपता संपता पुण्याहून उत्तर आलं की मला प्रवेश मिळाला आहे, वडिलांची सही घेऊन गणपतीनंतर आठवड्याच्या आत हजर व्हा. मी ठरवलं की गणपती होऊ देत. विसर्जनानंतर अण्णांचा मूड चांगला असतो, पहिला ताजा मासा पानात पडला की विषय काढू.

इथे आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आईचा एकुलता भाऊ, माझा मामा, मस्कतला होता. माझ्या काकाच्या लग्नात त्याला आहेराचा नारळ आधी द्यायचा की नंतर, यावरून त्याचं आणि अण्णांचं बिनसलं होतं. दोन्ही बाजूंनी इतका ताठा, की जणू नारळ नव्हे, जमिनीचा सातबारा होता. "त्या घरचं पत्रसुद्धा या घरात यायला नको," असं अण्णा म्हणाले, आणि पत्रं थांबली. आईने त्यावर कधी शब्द काढला नाही. आई मुळात कमी बोलणारी, जुनी अकरावी झालेली, आणि खोटं बोलायचं झालं तर गप्प बसणारी. मी तिच्यावर गेले नाही, एवढं या प्रकरणातून दिसेलच.

त्या वर्षी एक तारीख आली ती नेमकी गणपतीच्या आदल्या दिवशी. बंदर ओस पडलेलं. होड्या किनाऱ्याला लावून सगळे आपापल्या घरी मखरं सजवत होते. कोकणात गणपतीचे पाच दिवस कोणी काही काम करत नाही आणि करतोय असं दाखवतही नाही. दुकानं अर्धी बंद, पोस्टमन गावाला, मुंबईच्या ऑफिसातली निम्मी माणसं इकडे आलेली. घरात मासळी शिजायची सोयच नव्हती. अशा दिवशी अण्णा मशीनपुढे बसले. नेहमीप्रमाणे मासा आठवला असणार, पण चिठ्ठी यंदा ते नव्या, जास्त सुरक्षित जागी ठेवणार होते, खुद्द गणपतीच्या पाटाखाली. आणि गणपतीच्या खाली मासा कसा ठेवायचा? मी पडवीत वाती वळत होते. अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं. बाजारातून आणलेल्या पिशवीतून हातभर लांबीचं पडवळ बाहेर आलं होतं, आणि आई विळीवर बसून त्याचं पुढचं टोक चिरत होती. अण्णांनी पडवळ घेतलं, त्याच्या पुढे दूर्वांच्या जुडीचा एकवीस घातला, पुटपुटत नोंदवला आणि चिठ्ठी सोवळ्यात नेऊन चौरंगावर, पाटाखाली सारली. शाकाहारी पासवर्ड. इतका धर्म पाळून यंत्र चालवणारा माणूस पुढे मला माझ्या सगळ्या नोकरीत भेटला नाही.

पाच दिवस मजेत गेले. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आरत्यांच्या झांजा आणि शेजारच्या घरातून येणारे बेसूर गजर. घरातले सगळे शेजारच्या आरतीला गेलेले असताना मी एकदा पेटी उघडून पुण्याला "येते" म्हणून कळवलंही. मग विसर्जन. अण्णांनी गणपती स्वतः डोक्यावरून भाट्याच्या समुद्रावर नेला. मागून आक्का निर्माल्याची परडी घेऊन, जास्वंद, दूर्वा, केवडा, चौरंगावरच्या अक्षता आणि चौरंगावर जे काही पडलं होतं ते सगळं गोळा करून. अण्णा छातीभर पाण्यात गेले, मूर्ती सोडली, आणि डोळ्यांत पाणी आणून "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बंदर जागं झालं. पाच दिवस उपाशी राहिल्यासारख्या होड्या गेल्या आणि भरून आल्या. आईने सकाळीच बांगड्याचं तिखलं टाकलं आणि मी मनात माझं भाषण जुळवत बसले. साडेपाचला अण्णा घरी आले ते घाईत. हंगामातली सगळ्यांत मोठी गाडी बर्फ घालून उभी होती. सातच्या आत यादी मुंबईच्या यंत्रात पडली नाही, तर बोटीवरची जागा दुसऱ्याला जाणार आणि माल बर्फात पडून राहणार होता. याआधी दोनदा यादीला उशीर झाला होता, आणि मुंबईने लिहून कळवलं होतं की पुन्हा असं झालं तर कॉम्प्युटर शिकलेला मुलगा पाठवू, आपण धक्क्यावर पेट्या मोजायला जावं. चौपन्नाव्या वर्षी. अण्णा ते पत्र खिशात घेऊन फिरायचे.

हात धुऊन ते चौरंगापाशी गेले. चौरंग पुसून भिंतीला उभा करून ठेवला होता.

"आक्के, इथं पाटाखाली चिठ्ठी होती."

"होती की. निर्माल्यात घातली," आक्का म्हणाली. "देवाखालचा काय घरात ठेवतात होय रे?"

 मासा कुठला ते अण्णांना काही केल्या आठवेना. गेले पाच दिवस यादीच नव्हती, एकदाच घातलेला शब्द डोक्यातून गेला होता. त्यांनी मुंबईला फोन लावला. वॉचमनने उचलला आणि सांगितलं की सावंतसाहेब गणपतीला गावाला, गुहागरला, आणि तिकडे फोन नाही. मग अण्णांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसायला सांगितलं. मी बसले. मला पासवर्ड ठाऊक होता, मी मागच्या सीटवर बसून तो मनात म्हणतही होते, आणि मी त्यांच्याबरोबर भाट्याच्या वाळूत निर्माल्याचे ढीग उपसायला गेले. अर्धी रत्नागिरी आपली फुलं तिथे सोडून गेली होती. अण्णा पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते आणि येणाऱ्या लाटेतून कुजलेला केवडा बाहेर काढत होते. मी किनाऱ्यावर दूर्वा विंचरत होते. "तुला काय दिसतंय का गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही."

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर विचारलं असतं की तुला कसा ठाऊक. मग पेटी, उशी, पत्रं, पुणं. सही होणार नव्हती. मी स्वतःला समजावलं की अण्णांना आठवेल. माणूस स्वतःला किती सहज समजावतो ते तेव्हा कळलं, आणि अजूनही मी त्यात तरबेज आहे.

साडेसहाला आम्ही घरी परत आलो. अण्णांनी पेटी उघडली. यंत्राने ओरडून ओळख करून घेतली आणि पासवर्ड विचारला. अण्णांनी मोठ्याने पुटपुटत सुरमई घातली. चूक. मग बराच वेळ डोळे मिटून बसले आणि बांगडा घातला. चूक. आता एकच उरलं होतं. स्वयंपाकघरात तिखलं गार होत होतं. आक्का दारात बसून "देवा, देवा" म्हणत होती, आणि मी खांबाला टेकून उभी होते. अण्णांचं बोट एका कळेवर येऊन थांबलं होतं. मी तोंड उघडलंही असेन. माझ्या आठवणीत मी उघडलेलं आहे, पण माझ्या आठवणीवर मी विसंबत नाही.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "मासा नाही घातलात तुम्ही," ती म्हणाली. "गणपतीच्या खाली मासा कसा घालाल? पडवळ. आणि पुढे एकवीस."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एकेक कळ दाबली, या वेळी न पुटपुटता. दार उघडलं. यादी गेली. सातला सात मिनिटं होती. अण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मग विचारलं, "आकड्यासकट लक्षात कसा राहिला तुझ्या?"

आई सहज म्हणू शकली असती की तुम्ही पुटपुटता, आळीभर ऐकू जातं. ते खरंही होतं. पण ती म्हणाली, "रोज लागतो मला."

"कशाला?"

"भावाला लिहायला. मनू कॉलेजात गेली की."

म्हणजे सकाळी साडेदहाला आई आणि दुपारी दोनला मी. एकाच खिळ्यावरची किल्ली, एकच उशी, आणि दोघींपैकी मला तरी दुसरीचा पत्ता नव्हता. अण्णांनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पहिल्यांदाच खिशात टाकली. ते जेवले नाहीत. गणपतीनंतरचा पहिला बांगडा अण्णांनी पानात तसाच ठेवला, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर रिक्षात घालून बंदरावर गेला, खाऱ्या हवेत गंजायला, आणि मोडेम त्याच्या फणसाच्या पेटीसकट अण्णांच्या मांडीवर. त्यानंतर दिवाळीपर्यंत अण्णा आईशी आक्कामार्फत बोलत होते. मामाला परत लिहायला आईला पुढे कुठलंच यंत्र मिळालं नाही. आक्का मात्र त्या दिवसापासून देवाखाली काही सापडलं की आधी सगळ्यांना वाचून दाखवायची.

आणि माझं? रिक्षा यायच्या आधी, सकाळच्या चहाला, आईने अण्णांच्या पुढे कप ठेवला आणि माझ्या तोंडाकडेही न बघता सांगितलं, "मनूला पुण्याला प्रवेश मिळालाय. काल पोस्टाने कागद आला."

 म्हणजे तिने माझं पुण्याचं पत्र वाचलं होतं. एकदा मी ते पडद्यावर तसंच उघडं ठेवून उठले असणार.

"पोस्टाने?" अण्णांनी विचारलं.

"हो."

अण्णांनी चहा संपवला, चष्मा लावला आणि मी आधीच लिहून ठेवलेल्या संमतीच्या कागदावर सही केली. आयुष्यात मी आईला खोटं बोलताना ऐकलं ते तेवढं एकदाच. तीन दिवसांनी मी पुण्याच्या एसटीत बसले, तेव्हा तिने डब्यात पातोळ्या दिल्या आणि म्हणाली, "तिथे उशी ठेवावी लागणार नाही." मी हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच वाटलं होतं की ती गंमत करते आहे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णा ऐंशीच्या पुढे आहेत, घर तेच आहे, मागच्या दाराला अजून कडी नाही. मागच्या महिन्यात गेले होते. संध्याकाळी सहा वाजले तसे ते उठले, हात धुतले आणि मोबाइल घेऊन पडवीत बसले. फोनने पासवर्ड विचारला. अण्णा एका बोटाने पुटपुटू लागले, "पी... ए... डी..." एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात किती नियम भरले आहेत, सगळे एकदम ओठांवर आले आणि मी ते गिळले. फोन उघडला. अण्णांनी मामाला लावला. मामा आता मस्कतहून परत येऊन गावी असतो. आज बंदरावर काय आलं, पापलेट कसं होतं, सुरमई कशी होती, अशी सगळी यादी अण्णांनी त्याला सांगितली. हे आई गेल्यापासून रोज चालतं म्हणे. ती असताना एकदाही लावला नाही.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तेव्हा मलाही ठाऊक होता. पासवर्ड."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "त्या आठवड्यात पोस्टमन कुठं आला होता? तो पण गावालाच गेलेला."

"मग तुम्ही आईलाच का..."

 

"ती बोलली म्हणून," ते म्हणाले. "तू बोललीच नाहीस. तुला काय करणार?" मग फोन माझ्या हातात दिला. "बंद कर जरा. मला ते जमत नाय."

परत आल्यावर महिन्याचं पत्रक लिहायला बसले. दर वेळी सुरुवात तीच असते. पासवर्ड कोणालाही, घरच्यांनासुद्धा, सांगू नये. तेवढं वाक्य लिहिलं आणि त्या दिवशी पुढचं काही लिहून झालं नाही.